सावकारांच्या लेकी, पेशव्यांच्या सुना

पेशव्याच्या बायकोला राणी म्हणायची सोय नव्हती. राजा साताऱ्याला, छत्रपती. पेशवा कागदोपत्री त्याचा प्रधान, म्हणजे चाकरच. पण नानासाहेब पेशव्यांच्या काळात दिल्लीपासून कर्नाटकापर्यंतचे वकील ज्या दाराशी येऊन बसत, ते दार शनिवारवाड्याचं होतं. त्या वाड्यात सून म्हणून येणारी मुलगी कुठल्या घरची, हा प्रश्न म्हणूनच घरगुती राहिलेला नव्हता. युरोपात राजाच्या पत्नीचं चरित्र लिहिताना आधी तिचं माहेर धुंडाळतात. बाप कोण, आई कुठल्या कुळातली, भावांना पुढे काय मिळालं, हे सगळं तपासतात. आपल्याकडे पेशव्यांच्या स्त्रियांवर कादंबऱ्या, नाटकं, मालिका उदंड आहेत, पण त्यांचं बालपण लग्नाच्या अक्षतांपाशी येऊन संपतं. माहेर फार तर एका ओळीत उरकतं.

ही एक ओळ उलगडून पाहायची, तर अंबडसारखी सोयीची जागा नाही. नाशिकच्या नैर्ऋत्येला, मुंबई-आग्रा रस्त्याच्या कडेला असलेलं हे जुनं गाव आज औद्योगिक वसाहतीसाठीच ओळखलं जातं. शिफ्ट सुटली की लिंक रोडवर जी गर्दी होते, तिच्यात पेशवाईची आठवण कुणाला असायचं कारण नाही. पण याच लिंक रोडने सातपूरला जाऊन पुढे गोदावरी गाठली की आनंदवल्ली लागते, आणि नदीकाठाने आणखी वर गेलं की गंगापूर. उलट दिशेला, सिन्नर ओलांडून गेलं की डुबेरे. पेशवाईच्या एका कर्त्या स्त्रीचं माहेर डुबेऱ्याला, आणि दोघींच्या आयुष्याची अखेर गोदाकाठी.

खरं तर राजघराण्यातल्या बायकांचं माहेर-सासर नोंदवण्याची चाल या मुलखात पेशव्यांहून फार जुनी. अंबडजवळच्या डोंगरातल्या पांडवलेण्यांत दक्षमित्रेचा लेख आहे. क्षहरात क्षत्रप नहपान हा तिचा बाप, दिनीकाचा मुलगा उषवदात हा तिचा नवरा. लेण्यातली एक खोली तिने दान दिली आणि दगडावर बाप आणि नवरा दोघांचीही नावं कोरली. त्याच डोंगरात गौतमी बलश्रीचा लेख आहे. तो नहपानाच्या घराण्याचा पाडाव करणाऱ्या सातवाहन राजाच्या आईचा. मुलाची कीर्ती सांगताना तिने नहपानाच्या क्षहरात कुळाचा उच्छेद केल्याचा उल्लेख आवर्जून केला आहे. एकाच डोंगरात हरलेल्या कुळाची लेक आणि जिंकलेल्या कुळाची आई!

डुबेऱ्याचे बर्वे मूळचे कोकणातले, नेवऱ्याचे. दादाजी मल्हार बर्वे यांची मुलगी राधाबाई श्रीवर्धनच्या बाळाजी विश्वनाथ भटांना दिली. तेव्हा पेशवाई वगैरे काही नव्हतं. जंजिऱ्याच्या सिद्दीच्या जाचाला कंटाळून घाट चढून आलेले एक हुशार कारकून, एवढीच बाळाजींची ओळख होती. राधाबाईंचा थोरला मुलगा बाजीराव १८ ऑगस्ट १७०० रोजी जन्मला तो डुबेऱ्याला, आजोळी. पहिल्या बाळंतपणाला लेक माहेरी येते या साध्या रिवाजामुळे मराठी इतिहासातल्या सर्वात वेगवान सेनापतीचं जन्मगाव सिन्नर तालुक्यात आलं. बर्व्यांचा वाडा तिथे अजून दाखवतात.

राधाबाईंनी मुलामुलींची लग्नं जिथे जुळवली, त्या घरांकडे पाहिलं की त्यांचा हिशेबीपणा कळतो. थोरली सून काशीबाई चासच्या महादजी कृष्ण जोश्यांची. राजगुरुनगरजवळ भीमेच्या काठी चास आहे, आणि हे जोशी नावाजलेले सावकार. मुलगी भिऊबाई बारामतीच्या आबाजी नाईक जोश्यांना दिली, हेही सावकार. दुसरी मुलगी अनुबाई इचलकरंजीच्या व्यंकटराव घोरपड्यांना. हे सरदार, कोल्हापूरकडच्या राजकारणाची दारं उघडणारे. आणि थोरल्या नातवासाठी, म्हणजे नानासाहेबांसाठी, वाईच्या भिकाजी नाईक रास्त्यांची गोपिका. रास्त्यांच्या घरी गेल्या असताना त्या चिमुरड्या मुलीचे सोवळे-ओवळे, व्रतवैकल्ये पाहून राधाबाईंना ती पसंत पडली, अशी कथा सांगतात. कथा खरी असेलही. पण रास्ते हे पेढीवाले सावकार होते, ही गोष्ट राधाबाईंच्या नजरेतून सुटली असेल असं मानणं भाबडेपणाचं होईल.

सावकारच का, याचं उत्तर स्वारीच्या हिशेबात आहे. दसऱ्याला सीमोल्लंघन होई, त्याआधी शिलेदारांना नालबंदी, म्हणजे उचल, द्यावी लागे, वाटेत रोजमुरा, म्हणजे रोजचा भत्ता, द्यावा लागे. चौथाई-सरदेशमुखीचा पैसा मात्र स्वारी संपल्यावर, तोही हप्त्याहप्त्याने, कधी नुसत्या वचनाच्या रूपात. मधल्या महिन्यांत सैन्य पोसायचं ते सावकाराच्या कर्जावर, हुंड्यांवर, एखाद्या परगण्याच्या वसुलावर काढलेल्या वरातीवर. पहिले बाजीराव या चक्रात आयुष्यभर फिरले. गुरू ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिलेल्या त्यांच्या पत्रांत सावकारांच्या तगाद्याचं रडगाणं वाचायला मिळतं. एवढ्या मोठ्या सेनापतीने सावकारांच्या पायांवर डोकं घासून कपाळाची कातडी गेली अशा अर्थाचं लिहावं, यातच सगळं आलं. अशा घरात सावकाराची लेक सून म्हणून येणं म्हणजे पतीचं कुळ आणि पैशाचा झरा यांच्यातली बांधलेली गाठ.

ही गाठ गळ्याशी येऊ शकते, हेही पेशव्यांनी लवकरच अनुभवलं. १७४० मध्ये बाजीराव वारले, तेव्हा पेशवेपदावर दावा सांगायला पुढे आलेला माणूस परका नव्हता. तो होता भिऊबाईचा दीर, बारामतीचा बाबूजी नाईक. बाजीरावांना त्याने मोठी कर्जं दिली होती; नागपूरकर रघूजी भोसल्यांचा त्याला पाठिंबा होता. शाहू महाराजांनी अखेर पेशवाईची वस्त्रं एकोणीस वर्षांच्या नानासाहेबांनाच दिली. बाबूजीने मग थकलेल्या कर्जाचा तगादा लावला. नानासाहेबांना ते निस्तरायला पुरंदऱ्यांची मदत घ्यावी लागली.

सोयरिकीवर राज्यं चालवण्याचा हा प्रकार त्या काळी जगभर होता. त्यातली एक सोयरिक तर थेट आपल्या दाराशी येऊन भिडते. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याची पत्नी कॅथरिन पोर्तुगालची. तिचा जन्म १६३८ चा, विला विसोझा या गावी, ब्रागांझाच्या ड्यूकच्या घरी. ती दोन वर्षांची असताना पोर्तुगालने स्पेनचं जोखड झुगारलं आणि तिचा बाप राजा झाला. स्पेनशी युद्ध चालूच राहिलं, मित्र हवा होता, आणि मुलगी हे त्या मैत्रीचं तारण ठरलं. १६६१ च्या करारात इंग्लंडला रोख रक्कम, उत्तर आफ्रिकेतलं टँजिअर आणि मुंबईचं बेट देण्याचं ठरलं. १६६२ मध्ये लग्न लागलं. गोव्यातल्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांना हे आंदण मान्य नव्हतं. त्यांनी टाळाटाळ केली आणि इंग्रजांचा ताबा बसायला १६६५ उजाडलं. तीन वर्षांनी राजाने ते बेट वर्षाला दहा पौंडांच्या भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकलं. आंदणात आलेली जमीन जावयाला नकोशी झाल्याचं इतकं मोठं उदाहरण दुसरं सापडणं कठीण.

कॅथरिनला मूल राहिलं नाही. नवरा गेल्यावर काही वर्षांनी ती लिस्बनला परतली, आणि शेवटच्या काळात भावाच्या वतीने तिने पोर्तुगालचा कारभारही पाहिला. विधवा राणीला माहेरी जाऊन राज्य करता आलं. गोपिकाबाईंच्या वाट्याला हे येणार नव्हतं.

गोपिकाबाईंचा जन्म १७२४ चा, लग्न १७३० मध्ये. नवरी जेमतेम पाच वर्षांची, नवरा नऊ वर्षांचा. त्याच वर्षी पुण्यात शनिवारवाड्याचं काम सुरू झालं. रास्त्यांचं मूळ आडनाव गोखले, आणि गोखल्यांच्या अनेक घराण्यांचं मूळ गाव म्हणून गुहागरजवळचं वेळणेश्वर सांगतात. घाटावर येऊन या कुटुंबाने पैसा केला आणि वाईला बस्तान बसवलं. कृष्णेचा घाट, ब्राह्मणवस्ती, महाबळेश्वराकडून येणारा व्यापार. या वातावरणात मुलीवर हिशेब आणि कर्मठपणा असे दोन्ही संस्कार झाले असणार. पुढच्या आयुष्यात तिच्यात दोन्ही ठळक दिसतात.

बहीण शनिवारवाड्यात गेल्यावर रास्त्यांचं काय झालं, ते आजही वाईत घाटावर उभं राहून बघता येतं. आनंदराव भिकाजींनी १७५७ मध्ये काशीविश्वेश्वराचं देऊळ बांधलं. गणपतराव भिकाजींनी १७६२ मध्ये ढोल्या गणपतीचं, ज्याच्या मागची भिंत कृष्णेचा पूर फोडण्यासाठी माशाच्या आकाराची केली आहे. कर्नाटकात बागलकोट-बदामीच्या मुलखात रास्त्यांचा अंमल बसला. पुण्यातल्या शिवपुरी पेठेला पुढे रास्ता पेठ म्हणू लागले ते याच घराण्यातल्या आनंदरावांमुळे. पेढीवर बसणारे सावकार एका पिढीत घोड्यावर बसून सरदार झाले. त्यातला काही भाग कर्तबगारीचा असेल. पण बहिणीच्या कुंकवाचा वाटा मोठा होता, हे रास्त्यांच्या प्रतिस्पर्ध्यांना चांगलं ठाऊक होतं.

मग १७६१ आलं. १४ जानेवारीला पानिपतावर गोपिकाबाईंचा थोरला मुलगा विश्वासराव पडला. त्याच्या अवघ्या अडीच आठवडे आधी, फौज उत्तरेत अन्नान्न करत असताना, नानासाहेबांनी पैठणजवळ दुसरं लग्न केलं होतं. नवरी कोण? पैठणच्या वाखरे सावकारांची राधाबाई. पेशव्याचा हात पुन्हा एका सावकाराच्या दारापर्यंत गेला होता. त्या लग्नावर इतिहासकारांनी पुष्कळ नाकं मुरडली आहेत. तिजोरीच्या बाजूने पाहिलं तर ते तितकंसं अनाकलनीय नाही, एवढंच म्हणता येईल. जूनमध्ये नानासाहेब पर्वतीवर गेले. गोपिकाबाई छत्तिसाव्या वर्षी विधवा झाल्या आणि सोळा वर्षांचा माधवराव पेशवा.

इथून पुढे माहेर हेच गोपिकाबाईंचं बळ आणि हाच त्यांचा अडसर. दीर रघुनाथराव सत्तेसाठी आसुसलेले, मुलगा कोवळा. भरवशाची माणसं म्हणजे आपले भाऊ, असा त्यांचा हिशेब असावा. पण माधवराव ज्या मुशीतला होता, त्या मुशीत मामांना वेगळा कायदा नव्हता. रास्त्यांच्या एका प्रकरणात आईने शब्द टाकला आणि मुलाने तो मानला नाही, असं परंपरा सांगते. तपशिलाविषयी मतभेद आहेत, निकालाविषयी नाहीत. गोपिकाबाईंनी पुणं सोडलं आणि त्या नाशिकला, गोदाकाठी, येऊन राहिल्या. वाईला गेल्या नाहीत. माहेरी परतलेली पेशव्याची आई म्हणजे माहेरच्या गटाचं उघड निशाण ठरलं असतं. तीर्थक्षेत्री राहणाऱ्या विधवेवर मात्र कुणाला बोट ठेवता येत नव्हतं.

नाशिक तेव्हा नव्याने उभं राहत होतं. मोगलांनी ठेवलेलं गुलशनाबाद हे नाव मागे पडून जुनं नाव परत आलं होतं. नारोशंकरांचं देऊळ १७४७ चं, चंद्रचूडांचं सुंदरनारायण १७५६ चं. त्र्यंबकेश्वराचं देऊळ खुद्द नानासाहेबांनी १७५५ मध्ये सुरू करवलं. ते पूर्ण व्हायला तीस वर्षं गेली. गोपिकाबाईंनी रामकुंडाची दुरुस्ती आणि सुधारणा केल्याची नोंद आहे. सिंहस्थात आज जिथे लाखो माणसं बुडी मारतात, त्या कुंडाच्या बांधणीत वाईच्या सावकाराच्या लेकीचा हात आहे.

त्यांच्या आयुष्यातला सर्वात मोठा घाव मात्र नाशिकलाच असताना बसला. १७७२ च्या नोव्हेंबरात माधवराव थेऊरला क्षयाने गेले. १७७३ च्या ऑगस्टच्या शेवटी धाकटा मुलगा नारायणराव शनिवारवाड्यात गारद्यांच्या हातून मारला गेला. तिन्ही मुलं संपली. त्यानंतर त्या करवंटी घेऊन सरदारांच्या घरी भिक्षा मागत, अशी आख्यायिका आहे. ती खरी-खोटी कशीही असो, कारभाराचं भान त्यांना सुटलं नव्हतं. आईबापांविना वाढणाऱ्या नातवाला, सवाई माधवरावाला, दिनक्रम कसा ठेवावा आणि कारभारात कसं वागावं याचा उपदेश करणारं त्यांचं पत्र प्रसिद्ध आहे. ते वाचताना आजीचा जिव्हाळा कमी आणि पेढीवरच्या मुनिमाची शिस्त जास्त जाणवते. १७८८ मध्ये नाशिकलाच त्यांचा मृत्यू झाला.

नारायणरावाच्या खुनात जिचं नाव कायमचं गोवलं गेलं, तिच्या नावाचं गाव गंगापूरच्या खालच्या अंगाला, त्याच नदीवर आहे. चावंडस हे त्याचं जुनं नाव. रघुनाथराव आणि आनंदीबाई तिथे राहू लागल्यावर ते आनंदवल्ली झालं. नवश्या गणपतीचं देऊळही परंपरा या जोडप्याशी जोडते.

आनंदीबाई गुहागरच्या ओकांची. रघुनाथरावांची पहिली बायको जानकीबाई बर्वे घराण्यातली, ती १७५५ मध्ये वारली. त्यानंतर आनंदीबाई या घरात आली. गुहागर आणि वेळणेश्वर एकाच किनाऱ्यावर, जवळजवळ. पण कोकणातल्या शेजारामुळे शनिवारवाड्यातलं अंतर कमी होत नव्हतं. रास्त्यांच्या मागे पेढी होती, पथक होतं, देवळांची रांग होती. ओकांच्या नावावर अशी पेठ नाही, सरंजामाचा असा डोलारा नाही. थोरल्या जावेचे भाऊ दरबारात बसत. धाकटीला दरबारात जे काही मिळवायचं ते नवऱ्याच्या जोरावरच. रघुनाथरावांच्या महत्त्वाकांक्षेला फुंकर घालणारी बाई म्हणून तिला सगळ्यांनी रंगवलं आहे. तिच्यापाशी पर्याय तरी कोणता होता, हे फारसं कुणी विचारलं नाही.

आनंदवल्लीला बसून रघुनाथरावांनी फौज जमवली आणि १७६८ च्या जूनमध्ये चांदवडजवळच्या धोडप किल्ल्यापाशी पुतण्याकडून मार खाल्ला. जोडप्याला पुण्यात नजरकैदेत ठेवलं. नारायणरावाच्या खुनाविषयी हुकमातल्या ‘धरावे’चं ‘मारावे’, म्हणजे ‘ध’चा ‘मा’ केल्याची गोष्ट मराठी मुलखात शाळकरी पोरालाही पाठ असते. न्यायाधीश रामशास्त्र्यांनी दोषी ठरवलं ते रघुनाथरावांना; लोकांनी मात्र आरोपीच्या पिंजऱ्यात कायमची उभी केली ती त्यांच्या बायकोला. पुढे रघुनाथरावांविरुद्ध एकत्र आलेल्या बारभाई कारभाऱ्यांनी पाठलाग केला, तेव्हा रघुनाथराव सुरतेकडे इंग्रजांच्या आश्रयाला गेले आणि गर्भार आनंदीबाई धारच्या किल्ल्यात राहिली. १७७५ च्या जानेवारीत तिथे दुसरा बाजीराव जन्मला. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये त्याच्या बापाने सुरतेला तह केला, तो मुंबईकर इंग्रजांशी. कॅथरिनच्या आंदणातलं बेट एका शतकानंतर पेशव्यांच्या घरच्या भांडणात सावकार म्हणून हजर झालं. फौज इंग्रजांची आणि तारण मुलखाचं, वसई आणि साष्टीचं.

मराठे-इंग्रजांमधल्या सालबाईच्या तहानंतर रघुनाथराव कोपरगावी आले आणि १७८३ च्या डिसेंबरात वारले. धाकटा मुलगा चिमाजी त्यांच्या पश्चात जन्मला. पुण्याचे कारभारी नाना फडणवीस यांच्या पहाऱ्यात आनंदीबाईने कोपरगावी अनेक वर्षं काढली आणि शेवटी मुलांसह आनंदवल्लीला परतली. तिथेच १७९४ च्या मार्चमध्ये ती गेली. बाजीराव, चिमाजी आणि दत्तक अमृतराव यांना नानांनी जुन्नरला हलवलं, अधिक बंदोबस्तात.

दोन वर्षांनी, सवाई माधवरावांच्या मृत्यूनंतरच्या गोंधळातून, तोच बाजीराव पेशवा झाला. नाना फडणवीस १८०० मध्ये गेल्यावर त्याने बापाच्या जुन्या वैऱ्यांचे हिशेब काढायला घेतले. त्यात रास्तेही आले. १८०१ मध्ये त्याने माधवराव रास्त्यांना स्नेहाने भेटीला बोलावलं, कैद केलं आणि रायगडावर पाठवून दिलं.